आमच्या फौजांना ताप येत नसे

पावसाळा ओसरायला लागला की सुरतेत, आमच्या डिंडोलीत, दिवेलागणीच्या आधी धुराची गाडी येते. पुढे घरघरणारं यंत्र, मागे पांढऱ्या धुराचा लोट, आणि त्या लोटात शिरून ओरडत पळणारी मुलं. मी उठते आणि घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेते. माझी मुलगी हसते. "आई, डासांचा धूर आहे तो. आपल्यासाठीच सोडतात." मला ते ठाऊक असतं. तरी कडी लावल्यावर मी थोडा वेळ तिथेच उभी राहते आणि गल्लीत कोणी खोकतंय का ते ऐकते.

मी कल्पित राज्यांच्या कादंबऱ्या लिहिते. जे मुलूख कुठल्या नकाशात नाहीत, त्यांच्या फौजा, त्यांचे तह, त्यांचे वेढे. वाचक भेटले की विचारतात, या फौजा तुम्ही आणल्या कुठून? माझं उत्तर ठरलेलं आहे. अमुक घोडदळ मराठ्यांचं, तमुक बंदर आमच्या सुरतेचं, बेटावरचे लोक जंजिऱ्याच्या सिद्दींवरून. यात खोटं काही नाही. पण भाद्रपद आला की वाटतं, हे उत्तर अर्धंच आहे. घोडे, भाले, तोफा मी पुस्तकांतून उचलल्या. त्या माणसांच्या पोटात जी भीती आहे, ती मात्र चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यातली.

त्या वर्षी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इतिहास घेऊन. माझे वडील, बापू, बमरोलीला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजात गुजराती. आमच्या पलीकडच्या गल्लीत प्रज्ञा राहायची. तिचं घराणं भुसावळचं, वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर तिची आई, शांतामावशी, सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली होती. आमची तिसरी मैत्रीण भावना. ती गावातली, म्हणजे जुन्या सुरतेतली, किल्ल्याजवळच्या एका पोळमधली, जुन्या घरांच्या बंद गल्लीतली, गुजराती. आमच्या संगतीने तिला मराठी चांगलं यायला लागलं होतं, आणि भांडण झालं की ते तिच्या तोंडातून पळून जायचं.

पाऊस तुफान होता. तास बुडाले की आम्ही कॉलेजच्या मागच्या जिन्यावर बसायचो. तिथेच आम्ही तिघींनी मिळून एक मुलूख रचायला घेतला. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर नदी काढली, डोंगर काढले, समुद्र काढला. मग माणसं हवीत म्हणून प्रत्येकीने एकेक लोक घेतले.

माझे रानवारे. मराठ्यांच्या घोडदळाबद्दल जे जे वाचलं होतं ते सगळं मी त्यांना देऊन टाकलं. बुटके, काटक, डोंगर चढणारे घोडे. तंबू नाहीत, सामानाचे गाडे नाहीत, बायकामुलं बरोबर नाहीत. पडशीत भाकरी आणि कांदा, तेही संपलं तर शेतातली कणसं हातावर चोळून खायची. शत्रूच्या मुख्य फौजेला भिडायचंच नाही. तिचं धान्य तोडायचं, चारा जाळायचा आणि ती वळेपर्यंत दिसेनासं व्हायचं. मी हे वाचून दाखवायचे तेव्हा माझा आवाज आपोआप चढायचा.

भावनाचं शहर होतं साखळकोट. नदीकाठी किल्ला, भोवती मातीची बसकी भिंत, आत पेढ्या आणि रेशीम. परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी आणि त्यांच्या तोफा, पण त्या तोफा त्यांच्या स्वतःच्या वखारीपुरत्या. स्वारीची बातमी आली की सुभेदार किल्ल्यात शिरून दार लावून घेतो आणि लोक होड्यांतून नदीपार पळतात.

"हे तर सुरतच आहे," मी म्हटलं.

"तो शुं थयुं? मग काय झालं?" भावना म्हणाली. "तुझे घोडेवाले कुठले आहेत ते मला कळत नाही काय?" आणि मग तिने सांगितलं, की त्यांच्या घरात लहान मुलाला निजवताना अजून म्हणतात, ऊंघी जा, नहीं तो मराठा आवशे. झोप, नाहीतर मराठे येतील.

 आमच्या घरी त्याच घोडेस्वारांची तसबीर देवांच्या शेजारी लावलेली होती. जिन्यावर पावसाचं पाणी उतरत होतं, आणि पहिल्यांदाच मला माझे रानवारे समोरून दिसले. भिंतीच्या आत मूल कुशीत घेऊन बसलेल्या बाईला दिसतात तसे. टापा ऐकू येतात, धूळ दिसते आणि आपल्या दाराची कडी किती बारीक आहे ते कळतं.

प्रज्ञाने राखणदार घेतले. गडाच्या पायथ्याशी रानात राहून जागता पहारा देणारे महार, रामोशी, त्यांच्यावरून. त्यांना तिने घोंगडी दिली, काठी दिली, शिंग दिलं. साखळकोटाला आणि डोंगरातल्या गडांना, दोन्हीकडे पहारा त्यांचाच.

"ते भिंतीच्या बाहेर का राहतात?" भावनाने विचारलं. "आत घर दे ना त्यांना."

"खऱ्या इतिहासात होतं का?" प्रज्ञा म्हणाली. "बाहेर राहतात म्हणून तर शत्रू पहिल्यांदा त्यांना दिसतो."

तिने त्यांच्यासाठी एक नियम केला होता. राखणदार भीत नाही. मी म्हटलं, असं कसं, माणूस आहे तर भिणारच. ती म्हणाली, माझे लोक आहेत, मी ठरवणार. समुद्रातल्या बेटावरचे लोक आम्ही तिघींच्यात ठेवले. सिद्दींच्या जहाजांसारखी त्यांची जहाजं पावसाळ्यात साखळकोटाच्या नदीत आसऱ्याला येत आणि शहराला जड होत. त्यांचं काय करायचं यावर आम्ही सगळा श्रावण वाद घातला. एवढ्या लढाया झाल्या त्या पुठ्ठ्यावर, पण एकाही फौजेत कोणी आजारी पडल्याचं मला आठवत नाही. आमच्या फौजांना ताप येत नसे.

मग तापीचं पाणी वाढलं. खालच्या वस्त्यांत शिरलं, राहिलं आणि ओसरताना मागे काळा गाळ ठेवून गेलं. मेलेली जनावरं तशीच पडून होती. गणपती आले, गणपती गेले. विसर्जनाच्या नंतर एका सकाळी बापू कामावरून लवकर परत आले. त्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेला होता. ते दारातच उभे राहिले आणि आत यायच्या आधी आईला म्हणाले, "आंग धुवाले पानी ठेव."

त्या एका दिवसात तो शब्द सगळीकडे झाला. प्लेग. गाठीचा नाही, छातीचा. खोकला येतो, थुंकीत रक्त पडतं आणि माणूस जातो, म्हणत होते. कोणी म्हणे वेड रोडच्या वस्त्यांत पुष्कळ गेले, कोणी म्हणे पाण्यात विष आहे. औषधाच्या दुकानांतून गोळ्या संपल्या आणि मग दुकानंच बंद झाली. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या दाराला कुलूप दिसलं तेव्हा आई पायरीवर बसली. तोवर तिला वाटत होतं, लोक वाढवून सांगतात.

सगळ्यात जास्त भीती वाटली ती लूम थांबले त्याची. डिंडोलीत राहणाऱ्याला ती खडखड ऐकू येत नाही, इतकी ती अंगात मुरलेली असते. ती बंद पडली आणि कान रिकामे झाले. दूरवरचं रडणारं मूल ऐकू यायला लागलं. गटारीच्या झाकणाखालची खसफस ऐकू यायला लागली. मी उंदीर दिसतो का म्हणून बघायचे, आणि दिसू नये म्हणून डोळे मिटायचे.

भावनाचा निरोपही आला नाही. तिच्या पोळमध्ये राहणाऱ्या एका मुलीकडून कळलं की सगळं घर सौराष्ट्रात गेलं. प्रज्ञा मात्र घरीच होती. तिची आई दवाखान्यातून दोन दिवस आलीच नव्हती.

आम्ही गावी जायचं ठरवलं. उधना स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाट दिसतच नव्हता, नुसती डोकी. सगळ्यांची तोंडं बांधलेली. रुमाल, पदर, टॉवेल, शाळेच्या ड्रेसची ओढणी. बोलणं कमी आणि डोळे फार. कोणी शिंकलं की त्याच्याभोवती एकदम जागा व्हायची. इतक्या दाटीतही जागा व्हायची, हे बघून मला गाडी चुकण्यापेक्षा जास्त भीती वाटली. कोणी आपल्यापासून असं सरकलं तर आपण कुठे जायचं?

गाडी लागली. बापूंनी माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, खिडकीतून आत ढकललं, आईला दारातून चढवलं आणि मला द्यायला हात मागे केला. तो हात थरथरत होता. मी धरला तर तव्यासारखा तापलेला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. दात एकमेकांवर आपटत होते. "माले काय बी व्हयेल नई," ते हळूच म्हणाले. "थंडी वाजी ऱ्हायनी फक्त."

आईने दारातून ते पाहिलं. ती उतरायला लागली. बापूंनी मान हलवली. गर्दीत ताप हा शब्द उच्चारायची कोणाची हिंमत नव्हती, तिघांचीही नाही. "तू पोऱ्याले ली जाय," बापू म्हणाले. "मी मांगेथीन येस."

"आनी रत्ना?"

"मी थांबस," मी म्हटलं. "बापूंजवळ."

आईने तोंडावरचा पदर घट्ट धरला होता, त्यामुळे ती काही बोलली की नाही मला दिसलं नाही. गाडी हलली. आम्ही दोघं उलट्या दिशेने चालायला लागलो. स्टेशनकडे येणारी माणसं आमच्याकडे बघत होती. शहरातून सगळे बाहेर पडत होते, आणि आम्ही दोघं आत निघालो होतो.

त्यानंतरचे दिवस मला एकमेकांत मिसळून आठवतात. बापू आतल्या खाटेवर, मी उंबऱ्याजवळ. ताप चढायचा तेव्हा ते तीन गोधड्यांखाली हुडहुडायचे. मग घाम फुटायचा, आणि तासभर ते अगदी बरे असल्यासारखे बोलायचे. ताप उतरला की मला वाटायचं गेला. पुन्हा दात वाजायला लागले की मी उंबऱ्याजवळ परत जाऊन बसायचे. मी पाणी त्यांच्या खाटेपर्यंत न्यायचे आणि श्वास रोखून परत यायचे. आपल्याच बापाजवळ श्वास रोखून जायचं, हे काय आहे ते कोणाला सांगता येत नाही. बापूंना ते कळत होतं. "दूर बैस, रत्ना," ते स्वतःच म्हणायचे. मी त्यांचा टॉवेल उजेडात धरून पाहायचे, त्यावर लाल काही आहे का. ते मुद्दाम भिंतीकडे तोंड करून झोपायचे, म्हणजे मला पाहताना संकोच नको.

गल्लीत दोन-तीन घरंच उघडी होती. समोरच्या खोलीतला माणूस ओट्यावर बसून आमच्या दाराकडे बघत असायचा. दवाखान्याच्या दाराशी पोलीस उभे केलेत, आत गेलेल्याला बाहेर सोडत नाहीत, असं ऐकू येत होतं. ताप आहे असं कळलं तर कोणीतरी कळवेल आणि गाडी येऊन बापूंना घेऊन जाईल, ही एक भीती. नाही कळवलं तर ते इथेच, माझ्यासमोर जातील, ही दुसरी. मी बापूंच्या कण्हण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रेडिओ लावून ठेवायचे.

एका दुपारी खिडकीवर टकटक झाली. प्रज्ञा. "आई आली आहे कपडे न्यायला," ती म्हणाली. "तू गेली नाहीस हे मला आत्ता कळलं. बापू कुठे आहेत?"

मी म्हटलं, "कामावर."

"लूम बंद आहेत, रत्ना."

मग मला रडू आलं. थोड्या वेळाने शांतामावशी आली. तोंडाला कापड, डोळ्यांखाली काळं. ती सरळ आत गेली, उंबऱ्यावर थांबलीसुद्धा नाही. बापूंच्या कपाळावर हात ठेवला. इतक्या दिवसांत त्यांच्या अंगाला लागलेला तो पहिला हात होता. बापूंनी डोळे मिटले.

"खोकला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग दवाखान्यात न्यायचं."

बापूंनी डोळे उघडले. "तठे गयेल मानूस परत येत नई, बाई."

"येतात, दादा. काही येतात." ती खोटं बोलू शकली असती, बोलली नाही. "तुम्हाला काय झालंय ते मला नाही कळत. मी आया आहे, मी फरशी पुसते आणि लोकांना पाणी पाजते. पण तिथे डॉक्टर आहेत. इथे कोण आहे? ही पोर आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आईची इतकी आठवण त्याआधी आणि त्यानंतर कधी आली नाही. बापू नको म्हणत होते, आणि मला त्यांना विचारायचंही नव्हतं, कारण ते पुन्हा नको म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. मी त्यांच्या चपला खाटेखालून काढून पुढे ठेवल्या.

रिक्षा नव्हतीच. कोपऱ्यावर भाजीवाल्याची हातलारी उभी होती, मालक गावी गेलेला. तिच्यावर गोधडी घालून बापूंना निजवलं आणि आम्ही तिघी ढकलत निघालो. समोरच्या खोलीतला माणूस ओट्यावर नव्हता, त्याचं दारही बंद होतं. त्या दुपारी त्याने आम्हाला पाहिलं असतं तर पुढे काय झालं असतं कोण जाणे. रस्ते मोकळे. कडेने पांढरी पावडर टाकलेली, तिचा उग्र वास. बंद शटरांच्या पुढून आमच्या लारीचं चाक चुंईचुंई करत जात होतं आणि त्या आवाजाला कुठेतरी कुत्री भुंकत होती. ज्या शहरात रस्ता ओलांडता येत नसे, त्याच्या मधोमध आम्ही चाललो होतो. मला साखळकोट आठवला. लोक नदीपार गेले, सुभेदार किल्ल्यात बसला, असं आम्ही दोन वाक्यांत उरकलं होतं. ज्यांना होडी मिळाली नाही ते त्या दिवशी काय करत होते, हे आम्ही तिघींनी एकदाही विचारलं नव्हतं.

दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा शांतामावशी थांबली. तिने लारीची कड सोडली आणि हात पदराला पुसले. 

"थांब जरा," ती म्हणाली. "रोज इथे आलं की असं होतं. पाय मागे ओढतात."

"आई, तुला भीती वाटते?" प्रज्ञाने विचारलं. खरोखरच माहीत नसल्यासारखं.

"मग? मी काय दगडाची आहे?"

"मग रोज का जातेस?"

"तुझ्या बाबांच्या मागे लागलेली नोकरी आहे ही. सोडून जाऊ कुठे? भुसावळला कोण बसलंय आपलं?" मग तिने पुन्हा कड धरली. "चल. उन्हात ठेवू नको दादांना."

प्रज्ञाने मान खाली घातली आणि फाटकापर्यंत ती वर केली नाही. पोलिसाने आम्हा दोघींना बाहेरच थांबवलं. शांतामावशी बापूंना खांद्याचा आधार देऊन आत घेऊन गेली. बापूंनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्याने तिथे उभं राहवलं नसतं.

तिथून पुढे वाट बघणं. प्रज्ञा आमच्या घरी झोपायला आली.  तो पुठ्ठा कोपऱ्यात उभा होता. तिने एकदा तो हातात घेतला, पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी तेव्हा माझ्या इतिहासाच्या पुस्तकातल्या लढाया आठवत पडायचे आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. पुढे वर्षानुवर्षं वाचत गेले तेव्हा ते काय होतं ते सापडलं. वेढा घालून बसलेल्या छावण्या आठवा. हजारो माणसं, जनावरं, एकच नदी, तिच्यातच सगळं. तलवारीने मेले त्याहून जास्त तापाने आणि हगवणीने मेले, अशा किती मोहिमा आहेत. जिंकत आलेला वेढा साथीमुळे उठवावा लागला, अशा किती. आमच्या पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत यायचं, कारण साथीला सेनापती नसतो. आता मी एखादी फौज रचते तेव्हा तिचं निशाण, तिची शस्त्रं नंतर ठरवते. आधी स्वतःला विचारते, हे लोक पळाले तर कोणाला मागे ठेवून पळतील? मागे राहिलेल्याच्या कपाळावर हात कोण ठेवील? त्याचं उत्तर मिळालं की ते लोक मला खरे वाटायला लागतात.

शांतामावशीचा निरोप एका सकाळी आला, तिच्याबरोबरच्या दुसऱ्या आयेकडून. रक्त तपासलं होतं. हिवताप निघाला, साधा मलेरिया. मी ते ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. बापूंना लगेच सोडलं नाही, पण सोडलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यात अजून एक माणूस मावला असता. मी पाण्याचा तांब्या घेऊन अगदी जवळ गेले, मुद्दाम, आणि त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. त्यांनी ते ओळखलं आणि सरकून मला जागा दिली.

हळूहळू लोक परतले. आई आणि बाळू आले. आई सांगत होती, की गावाने त्यांना वेशीच्या आत घेतलंच नव्हतं. काका मळ्यातल्या झोपडीजवळ जेवण ठेवून लांबून हाक मारायचे. सुरतेहून आलेल्या सगळ्यांना तसंच ठेवलं होतं. "आपलंच गाव," ती एवढंच म्हणाली, आणि मला भावनाच्या घरातली निजवायची धमकी आठवली. त्या आठवड्यात आमच्याच गावातली मुलं सुरतवाल्यांच्या नावाने झोपत असतील.

भावनाही आली. जिन्यावर आम्ही तिघी पुन्हा बसलो. ती सारखी विचारत होती, काय झालं, सांगा ना, आणि आम्हा दोघींना सांगता येत नव्हतं. प्रज्ञाने फक्त राखणदारांचा नियम बदलला. ते भितात, ती म्हणाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांचा मिळून एक नळ होता. लोक परतल्यावर तिथे पुन्हा रांग लागायला लागली. शांतामावशीला दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी ती हंडा घेऊन आली. रांगेतल्या एका बाईने तिला आवाज चढवून नाही, अगदी मऊपणे सांगितलं, "तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर भरा हां, ताई. वाईट वाटून घेऊ नका. घरात लहान मुलं आहेत." तिच्या डोळ्यांतली भीती खरी होती, मी ती ओळखत होते. बाकीच्या बायका आपापल्या हंड्यांकडे बघत राहिल्या. शांतामावशीने हंडा उचलला आणि बाजूला झाली.

बापू ओट्यावर उन्हात बसले होते. बापू कुठे होते ते तोवर आम्ही गल्लीत कोणाला सांगितलं नव्हतं. आईने सगळ्यांना सांगितलं होतं, ते माझ्या मामाकडे नवसारीला होते. बापू उठले. काठी टेकत नळापर्यंत आले. आई दारातून मान हलवत होती, नका, नका.

"मंग माले बी पानी नका दी," बापू म्हणाले. "मी बी तठेच व्हतू. हाई बाईच माले ली गयी व्हती."

 रांग हलली. पुढच्या दोन बायका अर्धवट भरलेले हंडे उचलून घरी गेल्या. मागे उभी असलेली एक बाळूला आपल्या मुलापासून लांब हो म्हणाली. बापूंना वाटलं असेल, सांगितलं की लोकांना समजेल. लोकांना फक्त आणखी एक घर समजलं.

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत आमच्या दोन्ही घरांनी पाणी सगळ्यांच्या मागून भरलं. नळ जायची वेळ व्हायची तोवर धार करंगळीएवढी झालेली असायची. प्रज्ञा आणि मी हंड्यांवर बसून वाट बघायचो. एकदा ती म्हणाली, "रत्ना, साखळकोटात विहिरी किती आहेत गं? कोणी कुठे भरायचं, ते आपण ठरवलंच नाही."

"नाही ठरवलं," मी म्हटलं.

तिकडे घरात बापू हंडा घेऊन यायला निघाले होते, आई त्यांना अडवत होती, आणि ते ऐकत नव्हते. शेवटी ते आलेच, धापा टाकत. नळावर शांतामावशीची पाळी होती, तिने आपला हंडा धारेखालून काढून बाजूला ठेवला.

"दादा, तुम्ही आधी भरा," ती म्हणाली. "तुम्हाला उभं राहवत नाही अजून."